सकाळच्या गाडीचा सत्कार

आमच्या आमदार जगदेवीताई दर बुधवारी संध्याकाळी फोनवर बोलतेत. मनजे एकट्या माझ्याशी न्हाई, सगळ्या मतदारसंघाशी. आधी बोलून भरून ठेवतेत आन मग ते गावोगावच्या मोबाईलवर येतंय. आमच्या हिप्परवाडीत ते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर लावतेत. मनजे ज्याच्याकडं मोबाईल न्हाई त्यालाबी ऐकू जातंय, आन ज्याला ऐकायचं न्हाई त्यालाबी ऐकावं लागतंय. रेशनकार्डाचं अंगठ्याचं काम कुठं चालू हाय, जळकोटला डोळे तपासायचं शिबिर कधी हाय, जनावराला लस द्यायला कोण येणार, तळ्याचं पाणी कधी सुटणार, असलं सगळं सांगतेत. बाई उदगीरकडची, लिंगायताची. मधीच एखादा कानडी शब्द टाकती, आन शेजारच्या जावेनं भिंतीवरून सांगावं तसं सांगती. शेवटाला मनती, "अडचण असली तर ह्याच नंबरावर बोलून पाठवा, मी ऐकते." ऐकती का न्हाई ते तिलाच ठाऊक, असं आम्ही मनायचो.

मी गुणाबाई. मला किडनीचा आजार हाय, दोन्ही कामातून गेल्यात. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आन गुरुवारी, मशिनीवर रक्त धुऊन घ्यावं लागतंय. न्हाई घेतलं तर अंगात पाणी साठतंय, पाय सुजतेत, धाप लागती, रात्रभर भिंतीला टेकून बसावं लागतंय. हे मी कीव करा मनून सांगत न्हाई. कीव करणाऱ्या बाया मला लई भेटल्या. एकेकीला चहा पाजून वाटंला लावलंय.

आधी मला लातूरला जावं लागायचं. माझा लेक सत्यम मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचा. मी मशिनीवर असले की हा बाहेर बाकड्यावर दिवस काढायचा. तो उदगीरच्या मोंढ्यात, मनजे धान्याच्या बाजारात, आडतीवर कामाला होता. सोमवार गेला, गुरुवार गेला, सारखे खाडे पडायले, मनून शेठजींनी दुसरा माणूस लावला. शेठजींचा दोष न्हाई. सौदे सकाळीच निघतेत, त्यांना माणूस तर पाहिजे. सत्यम मला कधी एका शब्दानं बोलला न्हाई. ते न बोलणंच मला खायचं. लग्नाचं लेकरू, हाताला धड काम न्हाई, आन आईला घेऊन दवाखाने हिंडायलंय. अशाला पोरगी कोण देणार?

मनून मी मनात एक ठरवून टाकलं होतं. रानातला हरभरा निघाला की मशिनीवर जायचं बंद. कुणाला सांगायचं न्हाई, आज बरं न्हाई, उद्या जाऊ, असं करत करत सोडून द्यायचं. बंद केल्यावर काय होतंय ते मला ठाऊक होतं. लातूरच्या बाकड्यावर बसलं की असल्या गोष्टी न विचारता कळतेत. भ्या वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण ठरवलं होतं.

आन त्या बुधवारी मी भाकरीचं पीठ मळायले होते, तर भोंग्यावर ताईंचा आवाज.

"उदगीरच्या दवाखान्यात डायलिसिसच्या नव्या मशिनी चालू झाल्यात. पैसे पडत न्हाईत. लातूर-नांदेडला जाणाऱ्यांनी तिथं नाव द्यावं. सकाळची शिफ्ट आठला बसती. तेवढ्यासाठीच मी एसटीकडं सकाळची गाडी मागितली होती, ती मिळाली. सोमवारपासून हिप्परवाडीहून साडेसहाला निघंल. मी नागपूरला अधिवेशनात हाय, मी येणार न्हाई. नारळ नको, हार नको, सत्कार नको. गाडी तेवढी वेळेवर सोडा."

पिठाचे हात तसेच धरून मी चुलीपुढं बसून राहिले. आमच्या गावाला सकाळी दहाच्या आधी गाडीच नव्हती. फाट्यावरची जीप भरल्याशिवाय हलत न्हाई, आन भरता भरता नऊ वाजतेत. आता मी एकटी गाडीत बसणार, एकटी उतरणार, दुपारच्या गाडीनं एकटी घरी येणार. सत्यम आपल्या कामावर. ताईला मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी ती समोर असती तर पिठाच्या हातानंच तिची अलाबला घेतली असती. तवा तापून धूर निघायला, तरी मला सुधरंना. जगायचं मन झालं, बघा. एका गाडीवर.

सत्यमनं शुक्रवारीच उदगीरला जाऊन नाव घातलं. तिथली सिस्टर लुंबिनी, बिलोलीकडची पोरगी, गोड बोलती पण कामाला कडक. तिनं सत्यमला साफ सांगितलं, "दादा, सकाळच्या शिफ्टला लई जण नंबर लावून बसलेत. मावशीला उशीर झाला तर मला मशीन दुसऱ्याला द्यावी लागंल. सारखं व्हायलं तर मावशीचं नाव संध्याकाळच्या शिफ्टला जाईल." संध्याकाळची शिफ्ट सुटती तवा आमच्याकडं यायला कसलीच गाडी न्हाई. मनजे पुन्हा सत्यम, पुन्हा मोटारसायकल. पण मी मनले, उशीर कशाला होईल? गाडी तर दारातून सुटायलीय! येताना सत्यम आडतीवरबी जाऊन आला. शेठजी मनले, सोमवारपासून ये. घरात कशी दिवाळीच झाली.

आता आमच्या गावाची अक्कल ऐका. लग्नाच्या पत्रिकेत छापलेलं असतंय बघा, कृपया आहेर आणू नये. ते वाचून कुणी हात हलवत लग्नाला गेलंय का? गेलं तर वर्षभर टोमणे खातंय. ते छापायचं असतंय, आन आपण लुगडं न्यायचं असतंय. तसंच गावानं ताईंचं घेतलं. ताई मनल्या सत्कार नको, मनजे बाईला मोठेपणा हाय, मनजे आपण दणक्यात केला पाहिजे. आन येणार न्हाई मनल्या, मनजे अचानक येणार. हे सगळं ज्ञान आमचे सरपंच अमृतराव यांचं. आमच्या भावकीतले, माझे धाकटे दीर लागतेत. माणूस मनानं वाईट न्हाई, गावासाठी पळतंय. पण माइक दिसला की अंगात येतंय त्यांच्या.

सोमवारी मी अंघोळ करून, वेणीफणी करून सहालाच पारापाशी गेले. बघते तर मांडव! खुर्च्या, सतरंजी, हलगीवाले, रांगोळी. गाडी आली, तर तिच्या तोंडाला केळीचे खुंट बांधले, काचंवर कुंकवाचा हात मारला. ड्रायव्हर व्यंकटी देगलूरकडचा, मराठीत तेलुगू मिसळून बोलणारा माणूस. त्याला खाली उतरवून फेटा बांधला. तो घड्याळाकडं बघायला आन "अय्यो, टाइम आयिंदी सरपंचसाब, टाइम झाला" मनायला. "पाचच मिनिटं!" अमृतराव मनले. आमच्याकडच्या पाच मिनिटांत बाई बाळंत होऊन पाचवीबी पुजून होती.

मी गाडीत खिडकीपाशी बसले. साडेसहा गेले. पावणेसात गेले. तेवढ्यात फाट्याकडून धुरळा उडवत पांढरी गाडी आली. "ताई आल्या!" एकच गलका. हलगी कडाडली. बाया ताटं घेऊन पळाल्या. गाडीचं दार उघडलं आन आतून जनावरांचे डॉक्टर उतरले, कुणाची तरी म्हैस अडली होती मनून बिचारे आलेले. पण हार हातात होता, हलगी वाजायली होती. घातला डॉक्टरांच्या गळ्यात. आता हसू येतंय मला. त्या वेळी मी खिडकीतून ओरडायले होते.

"अहो भावजी, गाडी सोडा! मला मशिनीवर बसायचंय! मी मेले की मग वाजवा तुमची हलगी!"

हलगीपुढं कुणाला काय ऐकू जातंय? माझा आवाज फुटला, डोळ्यातून पाणी यायलं. अमृतरावांनी ते पाहिलं आन माइकवर मनले, "बघा मंडळी, आमच्या गुणाबाई वैनींच्या डोळ्यांत आनंदाश्रू आलेत! जिच्यासाठी ही गाडी आली ती माउली आज रडतीय!" सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. काय करावं आता असल्या माणसांना?

सत्यमनं मधी पडून शेवटाला गाडी सोडवली. पण पुढच्या दोन्ही गावांत तेच, आरती आन नारळ. आमच्या गावाहून कमी पडलो असं कुणाला होऊ द्यायचं नव्हतं. मी उदगीरला उतरले तवा ऊन वर आलं होतं. धापा टाकत वॉर्डात गेले, तर माझ्या मशिनीवर दुसराच माणूस. गुरुपादप्पा मनून, सत्तरीचा म्हातारा, तोबी सकाळच्या नंबरासाठी नाव घालून वाट बघत बसलेला. त्याच्या हाताला सुया लागलेल्या, रक्त फिरायलेलं. मला बघून तो वरमला. "बा अक्का, बा," मनला, मनजे ये बाई ये, जसं काय त्यानं माझं ताट ओढून घेतलं होतं. त्याच्यावर काय रागवायचं? त्यालाबी जगायचं होतं.

लुंबिनीनं माझे पाय दाबून बघितले. बोट रुतायलं. "मावशी, मी वाट बघितली, नियमाहून जास्तीच बघितली," मनली. "येत्या गुरुवारी असं झालं तर माझ्या हातात राहणार न्हाई." संध्याकाळच्या शिफ्टला एक जण आला न्हाई, तिथं मला बसवलं. दिवसभर त्या बाकड्यावर मी दम खात बसले. आडतीवर पहिलाच दिवस होता सत्यमचा. फोन गेला आन तो दुपारीच काम टाकून आला. अंधार पडल्यावर मला मागं बसवून घरी घेऊन गेला. वाटंत माझी शाल तेवढी थांबून नीट केली.

मंगळवारी अमृतराव घरी आले. मला वाटलं, माफी मागतेत. कसलं काय! खुर्चीवर बसून चहा पिता पिता मनले, "वैनी, सोमवारचं अर्धवट राहिलं. ताई आल्याच न्हाईत. पण नागपूरचं काम संपत आलंय, असं ऐकलंय. गुरुवारी नक्की येतेत. गुरुवारी पुरं करू."

"भावजी, गुरुवारी गाडी अडवली तर माझं नाव कटतंय सकाळचं."

"पाचच मिनिटं, वैनी!"

"ताईंनी नको मनून सांगितलंय की."

"असं मनायचं असतंय. ज्या बाईनं एवढी गाडी दिली तिला एक हार न्हाई? लोक काय मनतील, हिप्परवाडीला उपकाराची जाण न्हाई!" मग जरा आवाज उतरवून मनले, "आन वैनी, तुमच्यासाठी तर गाडी आली. तुम्हीच असं बोलल्यावर बरं दिसतंय का?"

हे मला लागलं. जाण न्हाई? मला? माझ्या मनात त्या बाईचं नाव देवाच्या आधी यायलं होतं. पण गल्लीतल्या बायाबी तेच बोलायल्या. पाण्याला गेले तर दोघीतिघी गप झाल्या. एकीनं ऐकू येईल असं मनलंच, "काम झालं की माणूस बदलतंय." मी हंडा तिथंच आदळला आन घरी आले. सत्यम आडतीवर गेला होता. मोबाईल घेतला, ताईंचा तो नंबर काढला, आन बटण दाबून धरलं. मनले, ऐकती मनती ना, ऐक मग.

"ताई, मी हिप्परवाडीची गुणाबाई बोलायलेय. तुम्ही गाडी दिली, मशिनी दिल्या, तुमचे लई उपकार हायत. तुमची लेकरंबाळं सुखात राहू द्या. पण आता एक मेहेरबानी करा, तुम्ही येऊ नका. तुमच्या नावानं हे लोक गाडी अडवून धरतेत. तुमचा हार जनावराच्या डॉक्टरला घातला. तो अमृतराव, माइक दिसला की त्याला चेव येतोय. माझी सोमवारची मशीन गेली ताई. गुरुवारी गेली तर सकाळचं नाव जातंय, आन मग पुन्हा माझं लेकरू काम सोडून मला घेऊन हिंडणार. मला ते बघवत न्हाई. खरं सांगू का, मी मशिनीवर जायचंच बंद करणार होते. हरभरा निघाला की बंद, असं ठरवलं होतं. लेकराला सांगितलं न्हाई. त्याला मोकळा करायचा होता. तुमची गाडी ऐकली आन मनले, न्हाई, आता मरायचं न्हाई. मला लेकाचं लग्न बघायचंय ताई. मला जगायचंय. गाडी सोडायला सांगा यांना. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील."

बोलले आन बटण सोडलं. छाती हलकी झाली. मग उठून तुरीच्या शेंगा सोलत बसले.

बुधवारी दुपारी फोन वाजला. "अक्का, मी जगदेवी बोलते." मी उभीच राहिले. खरंच ती होती! मागं कुणीतरी तिला हाका मारायलं होतं, आन ती त्यांना थांबा थांबा मनायली होती. "तुमचं बोलणं मी ऐकलं. दोनदा ऐकलं. अक्का, आज माझ्या बोलण्यात मी ते सगळ्यांना ऐकवू का? तुमचं नाव काढून टाकते. मी शंभर वेळा सांगितलं तरी त्यांना खरं वाटंना."

मी रागाच्या भरात होते. त्या हंड्याचं डोक्यातून गेलं नव्हतं. मनले, "ऐकवा ताई! भोंग्यावर ऐकवा!"

हरभऱ्याचं मी त्यातच बोलून बसलेय, हे माझ्या ध्यानातच राहिलं न्हाई.

संध्याकाळी सत्यम अंगणात कडबा तोडायला होता. मी चुलीपाशी. भोंगा खरखरला, ताई बोलायल्या. जळकोटचं अंगठ्याचं काम, तळ्याचं पाणी, लस. मग मनल्या, "आता मी गप बसते. एका बाईचं ऐका." आन माझा आवाज गावावर घुमला. माझं नाव कापलं होतं, गावाचंबी कापलं होतं. पण घाईत अमृतरावाचं कापायचं राहिलं होतं. जनावराच्या डॉक्टरवर गल्लीत लोक फसकन हसले. मीबी तोंडाला पदर लावून हसायले होते. आन मग ते आलं. मी मशिनीवर जायचंच बंद करणार होते. माझं हसू तिथंच थांबलं. चुलीपासून पळून जाऊन तो भोंगा फोडावा असं वाटलं. पण भोंगा काय थांबतोय? लेकराला सांगितलं न्हाई, त्याला मोकळा करायचा होता, मला जगायचंय, सगळं सगळं बोलून गेला.

अंगणातला कोयत्याचा आवाज बंद झाला होता.

माझं संपल्यावर ताई मनल्या, "मी गुरुवारी येणार न्हाई. पुढच्याबी येणार न्हाई. माझ्यासाठी गाडी थांबवणारा माणूस माझा न्हाई. नमस्कार."

सत्यम दारात येऊन उभा राहिला. हाताला कडब्याचा भुसा लागलेला. "आई, खरं हाय का?"

"होतं," मी मनले. "आता न्हाई."

"मी तुला कधी काही बोललो का?"

"न्हाई रे बाबा. बोलला असतास तर भांडले असते तुझ्याशी. बोलला न्हाईस मनूनच."

तो खाली बसला, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आन लहानपणी पडला-झडला की रडायचा तसा रडला. एवढा बाप्या माणूस. मी त्याच्या केसातला भुसा काढत बसले. मलाबी आवरंना. "मला मोकळं व्हायचं न्हाई," मनला. "मला आई पाहिजे." आवं, हे ऐकायला मी किती दिवस तळमळले असेन! भाकरी जळून कोळसा झाली, पण आम्ही दोघंबी उठलो न्हाई.

गुरुवारी पहाटं मी भीतभीतच निघाले. मनले, सरपंचाची गावभर फजिती केली, आता कुणी माझं तोंड बघणार न्हाई. सत्यम मनला, पारापर्यंत येतो, मग तसाच आडतीला जातो. पारापाशी आलो तर मांडव न्हाई. खुर्च्या न्हाईत, हलगी न्हाई. पण माणसं होती. थंडीत डोक्याला मफलर गुंडाळून, गप उभी. वळणावर नेहमी ज्याचा त्याचा ट्रॅक्टर आडवा असतोय, तो रस्ता झाडून काढल्यासारखा मोकळा होता. ज्यांना उदगीरला जायचं होतं ते आधीच एका लायनीत उभे, हातात सुटे पैसे. आमच्या गावात लायन! मी पहिल्यांदा बघितली.

अमृतराव पुढंच उभे होते. मी जवळ गेले तर तोंड फिरवलं.

"माझ्याशी बोलू नका वैनी, मी रुसलोय," मनले. "तुम्ही रुसवा काढायला आलात तर तेवढ्यात गाडी निघून जाईल. तवा आधी बसा."

गाडी आली. व्यंकटीनं मांडव दिसंना मनून डोळे चोळले. अमृतरावांनी दार धरलं आन म्हाताऱ्या माणसाला हात देऊन देऊन वर चढवलं. मला चढवताना हळूच मनले, "वैनी, असलं काही मनात होतं तर आम्हाला सांगायचं की. आम्ही मेलो होतो का?" त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला आन ओरडले, "व्यंकटी, हाण!"

गाडी वेळेच्या आधीच सुटायला झाली होती, तर व्यंकटीच मनला, "आगु आगु, थांबा, अजून टाइम हाय." मग बरोबर वेळेवर सुटली. कुणी टाळी वाजवली न्हाई. मी खिडकीतून मागं बघितलं, तर सगळं गाव रस्त्याच्या कडंला सरकून उभं होतं आन सत्यम मोटारसायकलवर पाय टाकून मोंढ्याकडं निघायला होता.

पुढच्या गावात बाया रस्त्याच्या दोन्ही अंगाला उभ्या होत्या, लेकरांना दंडाला धरून मागं ओढलेलं. व्यंकटीनं धसक्यानं गाडी हळू केली, तर एका म्हातारीनं जोरजोरात हात हलवला, जा जा, थांबू नको. त्याच्या पुढच्या गावात हलगीवाला उभा होता. गळ्यात हलगी, हातात काड्या, पण वाजवंना. गाडी पुढं जाताना त्यानं नुसता हात जोडला. मी काय रडणाऱ्या बायांतली न्हाई, पण पदर ओला झाला माझा. कोण कुठली मी! माझा आवाज भोंग्यावर ऐकला मनून ही माणसं थंडीत उभी राहिली, आन मला जाऊ दिलं. ताईचे उपकार तर हायतच. पण ह्यांचे कुठं फेडू? हलगीवाल्याचं तर मला नावबी माहीत न्हाई.

दवाखान्यात पोचले तर वॉर्डाला कुलूप. लुंबिनीच यायची होती. ती आली, मला पायरीवर बसलेली बघून हसली. मनली, "मावशी, काल आमच्या बिलोलीच्या आत्यानं फोन केला, कुण्या बाईचं बोलणं मोबाईलवर फिरायलंय मनून. ऐकवलं तिनं मला. तुमचा आवाज मी ओळखला की न्हाई?" मी मनले, "ओळखला तर गप बैस आन सुई नीट लाव."

माझी मशीन मला मिळाली. गुरुपादप्पालाबी बाजूची मशीन मिळाली होती. तो मला बघून पुन्हा "बा अक्का" मनला, पण आता वरमून न्हाई, घरी पाहुणा आल्यावर मनतेत तसं. रक्त फिरायला लागलं. हात गार पडतोय पहिल्यांदा, मग सवय होती. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती. मी ताईंना बटण दाबून एवढंच बोलले, "ताई, पोचले." जास्ती बोलायला गेले असते तर पुन्हा काहीतरी बाहेर पडलं असतं.

लुंबिनी माझ्या अंगावर पांघरूण ओढत होती. जरा लाजून मनली, "मावशी, वैशाखात माझं लग्न ठरलंय. बिलोलीला हाय. एवढ्या लांब याल का तुम्ही?"

"येते की," मी मनले. "न यायला मला काय झालंय?"